अर्ध्या तिकिटाचा कॅमेरा

छायाताईंशी मी खोटं बोललो. वाक्य छोटंसंच होतं: "ताई, तुम्ही अजून थोडं जवळ जायला पाहिजे होतं." काउंटरच्या अलीकडे मी, पलीकडे त्या आणि मध्ये मॉनिटरवर उघडलेला त्यांचा फोटो. तो फोटो का फसला हे मला तेव्हाच कळलं होतं. त्याचं कारण मी होतो. तरी मी ते वाक्य बोललो. त्यांनी मान हलवली, कार्ड काढून घेतलं आणि त्या गेल्या.

'दुकानातल्या गमती लिहा' असं या दिवाळी अंकाच्या संपादकांनी सांगितलं होतं. गमती आहेत माझ्याकडे. पण लिहायला बसलो की प्रत्येक गंमत फिरून होटगीच्या रस्त्याला लागते. म्हणून आधी हे सांगून टाकलं.

माझं दुकान नवी पेठेच्या एका गल्लीत आहे. कॅमेरे, लेन्स, ट्रायपॉड, बॅटऱ्या, जुन्याची अदलाबदल आणि साफसफाई. आमचं घर पद्मशाली विणकरांचं, पूर्व भागातलं. घरात तेलुगू, दुकानात मराठी, म्हणून सगळे मला अण्णाच म्हणतात. वडील मागावर चादरी विणायचे. मी मागावर बसलो नाही. लग्नाचे फोटो काढत काढत दुकानदार झालो. पण कॅमेऱ्यातला सेन्सर म्हणजे काय हे गिऱ्हाईकाला समजवायची वेळ आली, की मला वडिलांचा मागच कामाला येतो.

सेन्सर म्हणजे लेन्सच्या मागे ताणून धरलेलं कापड समजा. पूर्वी तिथे फिल्म असायची. लेन्स समोरचं चित्र त्या कापडावर टाकते. कापड चादरीएवढं असेल तर तो फुल फ्रेम. त्याच्या निम्म्याहूनही थोडं कमी, नॅपकिनएवढं असेल तर तो क्रॉप. त्याहून छोटे रुमालही मिळतात. आता लोकांची गफलत होते ती इथे. लेन्स तीच असेल आणि पक्षी तेवढ्याच लांब असेल, तर चादर लावा नाहीतर नॅपकिन लावा, पक्ष्याचं चित्र पडतं ते तेवढंच. चादरीवर फक्त आजूबाजूचं गवत जास्त येतं.

मग चादर घ्यायची कशाला? उजेडासाठी. चोवीस मेगापिक्सेल म्हणजे कापडात दोन कोटी चाळीस लाख घरं. चादरीत तेवढीच घरं बसवायची तर प्रत्येक घर मोठं होतं. मोठ्या घरात उजेड जास्त मावतो, त्यामुळे अंधुक जागी फोटो स्वच्छ येतो. नॅपकिनमध्ये तेवढीच घरं दाटीनं बसतात. वीण बारीक होते. म्हणून लांबचा पक्षी नॅपकिनवर जास्त घरांत पकडला जातो, आणि फोटो मोठा केला की पिसं मोजता येतात. हे माहीत नसतं तर मला आज कमी त्रास झाला असता. मी हे वर्षानुवर्षं लोकांना शिकवत आलोय.

मैंदर्गीहून एक शेतकरी जोडपं आलं होतं. मी नेहमीच्या सवयीनं "हा क्रॉप सेन्सर" म्हणून सुरुवात केली. गृहस्थ काउंटरवर वाकले.

"मग ह्यात तूर दाकवती का?"

"तूर?"

"क्रॉप सेन्सर म्हंतासा की. पिकाला मर लागली का न्हाय ते सांगंल न्हवं?"

मी खुलासा केला. ते बायकोकडे वळून कन्नडमध्ये काहीतरी म्हणाले आणि दोघं पोट धरून हसले. काय म्हणाले विचारलं तर बाई म्हणाल्या, "ते म्हणतेत, पिकाचं काय कळत नाही तर नाव कशाला ठेवलं?" शेवटी नातवाच्या बारशासाठी एक छोटा कॅमेरा घेऊन गेले. दर संक्रांतीला हुरडा आणून देतात आणि "क्रॉप कसं हाय?" विचारतात.

एका तालमीजवळ कबड्डीचे सामने व्हायचे. तिथले फोटो काढणारे एक मास्तर क्रॉप कॅमेरा घेऊन यायचे आणि रडायचे. संध्याकाळचा सामना, चार पिवळे दिवे, आणि चढाई करणारा पोरगा डोळ्याचं पातं लवेपर्यंत रेषेपार. शटर वेगानं मारावं तर उजेड पुरत नाही, सगळा फोटो ज्वारीच्या पिठात लोळल्यासारखा. त्यांना मी फुल फ्रेम दिला. खेळ पाच पावलांवर, लांब बघायची गरज नाही, अंधार मात्र भरपूर. तिथे चादरच पाहिजे. मास्तरांनी पहिल्या चांगल्या फोटोची प्रिंट दुकानात आणून लावली. ती अजून आहे.

त्या प्रिंटनं माझं डोकं बिघडवलं असं वाटतं. लग्नाच्या मांडवात आणि कबड्डीच्या मैदानात फुल फ्रेम जिंकला, म्हणून तो सगळीकडेच जिंकतो असं मी बोलायला लागलो. तेव्हाच मी एक शब्द काढला. क्रॉप म्हणायचं सोडून 'हाफ' म्हणायला लागलो. "हा हाफ, हा फुल." हॉटेलातल्या प्लेटसारखं. गिऱ्हाईकाला पटकन कळायचं, आणि हाफ घ्यायला कुणालाच आवडत नाही. मला या शब्दाचा अभिमान होता.

छायाताई कांबळे होटगी स्टेशनवर रेल्वेत नोकरीला. पदाचं नाव पॉइंट्समन. "बाई असले तरी कागदावर मॅनच हाय मी," असं त्याच सांगायच्या. गाडीचे डबे जोडणं-सोडणं, रूळ बदलायचं काम, जाणाऱ्या गाडीला झेंडी दाखवणं. सुट्टी मिळाली की गळ्यात कॅमेरा. क्रॉपचाच होता, चोवीस मेगापिक्सेलचा, लांबचं जवळ आणणारी तीनशे एमएमची लेन्स लावलेला. लेन्स आपल्याच दुकानातली. चंडोल, धाविक, कुदळ्या असे माळावरच्या पक्ष्यांचे फोटो मला आणून दाखवायच्या.

पण त्यांना एकच फोटो पाहिजे होता. त्यांचे वडील, आबा, उमेदीत नान्नजच्या बाजूच्या माळावर राखणीला रोजंदारीवर होते. माळढोक राखायचा. माणसाच्या कमरेएवढा उंच, सावकाश चालणारा पक्षी. पूर्वी माळावर हमखास दिसायचा, आता दिसला की बातमी होते. आबांचे गुडघे गेले, आणि ते लेकीकडे होटगीच्या क्वार्टरमध्ये राहायला आले. त्यांच्या वेळची एक मादी होती. कुंपणाच्या तारेत अडकून तिच्या डाव्या पंखाला जखम झाली होती. आबांनी तिला तारेतून सोडवलं होतं. जखम भरली, पण तिथली पिसं पुन्हा नीट आली नाहीत. माळढोकच्या पंखावर पांढऱ्या ठिपक्यांची रांग असते. हिची रांग डाव्या बाजूला मधेच तुटलेली. मला ऐकताच कळलं. चादरीत एखादी बुट्टी सुटली की असंच दिसतं.

एके दिवशी आबांच्या जुन्या सोबत्याचा निरोप आला. माळाच्या कडेच्या शेतात एक मादी दिसायला लागली आहे, एकटीच. आबांनी लेकीला सांगितलं, "फोटू काड. तीच हाय का, येवडंच मला सांग. तीच असली तर आमी राकलं त्ये वाया न्हाय गेलं."

हे सगळं छायाताईंनी मला दुकानात सांगितलं. त्या कॅमेरा साफ करून घ्यायला आल्या होत्या, दुसरं काही घ्यायला नाही.

माझ्या कपाटात तेव्हा एक वापरलेला फुल फ्रेम, चोवीस मेगापिक्सेलचाच, बरेच दिवस पडून होता. तो खपावा असं मला वाटत होतं, नाही असं म्हणणार नाही. पण मनापासून असंही वाटत होतं की एवढ्या मोठ्या कामाला मोठा कॅमेरा पाहिजे. मी म्हणालो, "ताई, सकाळी सकाळी अंधुक असतं. हाफवर नाही जमायचं."

"आत्तापर्यंत जमलंय की, अण्णा."

"चंडोल जमला. हा माळढोक आहे." आणि वर हसून म्हणालो, "रेल्वेत नोकरी करता आणि अर्ध्या तिकिटावर फिरता होय? टीसीनं धरलं म्हणजे?"

दुकानातले दोघे-तिघे हसले. त्याही हसल्या, पण मानेपर्यंत लाल झाल्या. थोडा वेळ त्या आपला कॅमेरा हातात फिरवत राहिल्या. मग काउंटरवर ठेवला. "बरं. आबांचं काम हाय. पूर्ण तिकीट काढू."

अदलाबदल झाली. लेन्स दोन्हीला बसणारी होती, म्हणून तीच राहिली. त्यांचा कॅमेरा लवकरच माळशिरसच्या एका क्रीडाशिक्षकांनी नेला.

पुढच्या सुट्टीला छायाताई माळावर गेल्या. आबांचा एक नियम त्यांच्या अंगात लहानपणापासून मुरलेला. पाखरू चरत असेल तोवर हळूहळू पुढं जायचं. त्यानं मान वर केली, की तिथंच थांबायचं. पुढचं पाऊल पाखराला विचारून. त्या बांधाबांधानं गेल्या. मादी दिसली. तिनं मान वर केली. त्या थांबल्या, आणि जिथं होत्या तिथून फोटो काढले.

तोच फोटो घेऊन त्या दुकानात आल्या. सकाळचं कोवळं ऊन, सोनेरी गवत, आभाळ, सगळं सुरेख. मध्ये कुठेतरी एक पक्षी, तुरीच्या दाण्याएवढा. "मोठा करा," त्या म्हणाल्या. मी मोठा केला. पंखावरचे ठिपके एकमेकांत मिसळून राखाडी पट्टा झाले होते. रांग तुटलेली की सलग, काही कळेना. त्यांच्या जुन्या कॅमेऱ्यावर, त्याच लेन्सनं, त्याच जागेवरून काढला असता, तर पक्ष्यावर दुपटीहून जास्त घरं पडली असती. मग सुटलेली बुट्टी दिसली असती. आणि ऊन तर चांगलं पडलं होतं. ज्या अंधाराची भीती मी घातली होती तो तिथे नव्हताच.

"असं का आलं, अण्णा? माझंच काय चुकलं का?"

तेव्हा मी ते वाक्य बोललो.

त्यानंतर बऱ्याच दिवसांनी त्या आल्या. सेन्सरवर धूळ बसली होती. माळावरची लालसर धूळ. मी ब्लोअरनं ती उडवत असताना त्यांनी अगदी सपाट आवाजात सांगितलं, "गेले होते परत. तिनं मान वर केली. तुमचं आठवलं, म्हणून अजून थोडी पुढं गेले. उडाली. आबांच्या सोबत्यानं लांबून बघितलं. ती त्या शेतात परत न्हाई दिसली."

मी ब्लोअर खाली ठेवला.

"आबा काय म्हणाले?"

"काय म्हणतील? जलमभर लोकांना मागं सारायचं काम केलं त्यांनी. येवढंच म्हणाले, माज्याच पोरीनं उटवली व्हय. तवापासून पाखराचं बोलणं काढत न्हाईत माझ्याजवळ. बाकी सगळं बोलतात. जेवलीस का, ड्युटी कवा. पाखराचं न्हाई."

त्यांच्या आवाजात माझ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. त्यांना खरंच वाटत होतं की दोन्ही वेळा चूक त्यांचीच झाली. आधी लांब थांबल्या, मग जवळ गेल्या. मी सेन्सर साफ करून दिला. तेव्हाही बोललो नाही. दुकानात दुसरी गिऱ्हाइकं होती, एवढंच कारण.

मी मग काय केलं? माणूस माफी मागायची सोडून जे जे करतो ते सगळं केलं. आधी 'हाफ' हा शब्द बंद केला. मग माळशिरसच्या सरांना फोन लावला, की तो कॅमेरा परत देता का, बदल्यात चांगला नवा देतो.

"कशाला?" ते म्हणाले. "लई भारी हाय त्यो! मैदानाच्या ह्या टोकाकडनं त्या टोकाचा खो काडतोय, पोरांच्या हाताची बोटं मोजून घ्या. न्हाय देत, अण्णा. तुमीच दिला आन् तुमीच मागताय?"

म्हणजे द्यायला माझ्याकडे तो कॅमेराही उरला नाही. एका सकाळी दुकान न उघडता मी स्कूटर काढली आणि होटगीला गेलो. पिशवीत तसाच दुसरा एक क्रॉप कॅमेरा घेतला होता. रिकाम्या हातानं जायचं धाडस नव्हतं, खरं सांगायचं तर.

आबा क्वार्टरसमोर कडुलिंबाखाली बाजेवर बसले होते. छायाताई ड्युटीवर. मी जय भीम घातला, दुकानाचं नाव सांगितलं.

"आं, कॅमेरावाले अण्णा. बसा की. च्या घेनार?"

"आबा, आधी एक सांगायचंय."

मी सांगितलं. सेन्सर-बिन्सर काही बोललो नाही, चादर आणि नॅपकिननं सुरुवात केली. त्यांनी हात वर करून थांबवलं.

"कापडाचं ऱ्हाऊ द्या. येक सांगा. पयल्या येळंला पोरगी जिथं थांबली, ती जागा बरूबर हुती?"

"बरोबर होती, आबा. तिथूनच काढायला पाहिजे होता. कॅमेरा मी चुकीचा दिला. आणि जवळ जा म्हणून मीच सांगितलं. तिला माझ्यामुळं वाटलं की थांबण्यात चूक झाली."

आबांनी गुडघ्यावरून हात फिरवला. "मान वर केल्यावर थांबली हुती," ते स्वतःशीच म्हणाले. "म्हंजी शिकीवल्यालं इसरली न्हवती." उशाखालून त्यांनी एक प्रिंट काढली. तोच फोटो. तुरीच्या दाण्याएवढी मादी, भोवती अख्खा माळ. कडा हाताळून मऊ झालेल्या. म्हणजे लेकीशी पाखराचं बोलत नव्हते तरी फोटो रोज बघत होते.

"तीच हाय का न्हाय, आता कवा कळायचं न्हाय," ते म्हणाले. "न्हाय कळायचं तर न्हाय. पर तुमी हितं मला कशापायी सांगत बसलाय? माजं काय. पोरगी तितं उभी हाय टेसनावर, दोन्ही येळंचं वझं डोक्यावर घिऊन. तिला सांगा जावा. आन् ती पिशवी हितंच ठिवा. मोकळ्या हातानं जावा."

मी पिशवी बाजेवर ठेवली.

फलाटाच्या टोकाला छायाताई गुंडाळलेल्या झेंड्या काखेत धरून उभ्या होत्या. मला बघून चकित झाल्या. "अण्णा? हितं कुटं?" तेवढ्यात मालगाडी दिसायला लागली, आणि त्यांनी हिरवी झेंडी उघडली. इंजिन आमच्यापर्यंत आलं तेव्हाच माझ्या तोंडून शब्द फुटले. सगळं बोललो. वाघिणींचा खडखडाट चालला होता आणि मला माझाच आवाज ऐकू येत नव्हता. त्या समोर रुळांकडे बघत, झेंडी ताठ धरून उभ्या होत्या. शेवटचा डबा गेला. त्यांनी झेंडी गुंडाळली आणि कानाजवळ हात नेला.

"काय म्हणालात? काय बी ऐकू आलं न्हाई गाडीच्या आवाजात."

मनात आलं, आता 'काही नाही, सहज आलो होतो' म्हणता येईल. बाकावरचे दोन प्रवासी आणि चहावाला आमच्याकडे बघत होते. दुकानात त्यांना हसलो तेव्हाही दोघे-तिघे बघतच होते. मी पुन्हा बोललो, या वेळी सगळ्यांना ऐकू जाईल असं.

"छायाताई, तुम्ही थांबलात ती जागा बरोबर होती. तुमचा कॅमेराही बरोबर होता, तो अर्धा नव्हता. चार लोकांत तुमची चेष्टा करून मी तो काढून घेतला. फोटो माझ्यामुळं फसला, आणि ते माहीत असून मी तुम्हाला जवळ जायला सांगितलं. पाखरू तुम्ही नाही उठवलं, मी उठवलं. मला माफ करा."